नऊ तारखेचा रकाना

राजेलोकांचा तारीखबाईंना मनस्वी वैताग होता. एक तर ते मरत फार, आणि मरत तेही धड एका तारखेला मरत नसत. अर्ध्या खंडाने कॅलेंडर बदललं एका शतकात, उरलेल्या अर्ध्याने त्याच्या पुढच्या. त्यामुळे एकच राजा डोंगराच्या अलीकडे नऊ मार्चला डोळे मिटायचा आणि पलीकडे वीस मार्चला. दोन्हीकडचे अभिमानी वाचक मग फोन करून बाईंना फैलावर घ्यायचे, जसं काही राजाच्या उशाशी बाईच बसल्या होत्या.

तारीखबाई हे नाव अर्थातच कचेरीने ठेवलेलं. वर्तमानपत्राच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या अरुंद खोलीत त्या बसत आणि पंचवीस वर्षं ‘खंडात आजच्या दिवशी’ हा रकाना चालवत. भिंतींना लाकडी कपाटं, कपाटांना तीनशे सहासष्ट खण, आणि दर खणात त्या त्या तारखेची कार्डं. कुठे तह झाला, कुठे मोडला, कुठे पहिली ट्राम धावली, कुठे धरण फुटलं, कुठल्या राजकन्येने लग्नाला नकार देऊन तीन देशांत युद्ध लावून दिलं, सगळं तिथे होतं. काही खण ओसंडून वाहत. काही तारखांना मात्र सगळा खंड हाताची घडी घालून बसला होता, आणि अशा तारखा बाईंच्या डोक्यात जात. इतके देश, इतकी शतकं, आणि त्या दिवशी एकाही माणसाला काही करावंसं वाटू नये?

नऊ मार्च ही त्यातलीच एक आळशी तारीख. पूर्वी तिथे तो डोंगराअलीकडचा राजा होता, म्हणून बरं चाललं होतं. अकरा वर्षांपूर्वी एका प्राध्यापकाने कागदपत्रं आपटून सिद्ध केलं, की राजा आजच्या कॅलेंडरप्रमाणे वीसलाच मेला. बाईंनी निमूटपणे राजाला उचलून वीसच्या खणात टाकलं आणि नऊचा रकाना उघडा पडला. खण चाळता चाळता तळाशी एक कार्ड सापडलं. ‘पुलाजवळच्या जंक्शनवर दोन गाड्यांची टक्कर. एकतीस ठार. सिग्नलमनची चूक.’ अक्षर खुद्द बाईंचंच होतं, रकाना हाती येण्याच्याही आधीचं, कार्डं लिहिण्याच्या नोकरीच्या पहिल्या वर्षातलं, गोल आणि सुबक. कोपऱ्यात तांबडी खूण होती, म्हणजे तेव्हाच्या कार्डमास्तरांनी, बाईंच्या वरिष्ठांनी, तपासलेलं. अपघात तेव्हा पंचवीस वर्षं जुना झाला होता, म्हणजे इतिहासात बसायला लायक. बाईंनी तो छापला, मग दरवर्षी छापत राहिल्या, आणि पहिल्या दिवसापासून एक म्हातारा त्यांच्या मानगुटीवर बसला.

दरवर्षी नऊ मार्चला सकाळी नऊच्या ठोक्याला त्याचा फोन यायचा.

“बाई, ती टक्कर आठ तारखेला झाली. नऊला नाही.”

“कागद आहे का?”

“कागद नाही. पण मी होतो ना तिथे नोकरीला.”

“तुम्ही असाल हो. कागद आणा, मी बदलते.”

अकरा वर्षं हेच चऱ्हाट. कचेरीत त्याला सगळे ‘नऊ तारीख’ म्हणत. नऊ मार्चला फोन वाजला की पेपराची पानं लावणारा मांडणीवाला पलीकडच्या खोलीतून ओरडायचा, “बाई, नऊ तारीख आली!” आणि बाई दातओठ खात फोन उचलायच्या. तपासायला खाली तळघरात जावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. तांबडी खूण होती ना? मग झालं तर.

यंदा मात्र म्हातारा तीन दिवस आधी आला, आणि फोनवर नाही तर अंगाने आला.

सहा मार्च हा बाईंच्या आयुष्यातला मोठा दिवस होता. त्यांच्या रकान्यांचं पुस्तक होणार होतं, ‘खंडाचे तीनशे सहासष्ट दिवस’, आणि पानं त्याच दिवशी संध्याकाळी पाचला छापखान्यात जायची होती. पंचवीस वर्षांत रकाना रोज दुसऱ्या दिवशी रद्दीत गेला; पुस्तक तेवढं कपाटात राहणार होतं. प्रस्तावनेच्या शेवटी बाईंनी ऐटीत लिहिलं होतं: ‘या पुस्तकात वाचकाला तारखेची एकही चूक सापडणार नाही.’ सकाळपासून संपादक चार वेळा डोकावून गेले होते. दर खेपेला ते एवढंच म्हणत, “बाई, पाच म्हणजे पाच हं. मशीन आपल्यासाठी मोकळं ठेवलंय.” जणू बाईंना घड्याळ कळत नव्हतं.

दोनच्या सुमाराला दार लोटून एक उंच, वाकलेला माणूस आत आला. बगलेत कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं. तीन जिने चढून आल्यामुळे त्याला बोलता येईना. बाईंनी नाइलाजाने खुर्ची आणि पाणी दिलं.

“मी तो,” श्वास सापडल्यावर तो म्हणाला, “नऊ तारखेचा.”

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. “काका, आज सहा आहे! तुमच्या दिवसाला अजून तीन दिवस आहेत. आणि आज मला मरायला वेळ नाही.”

“तीनच दिवस राहिले, म्हणून तर आलो.” त्याने कापड सोडलं. आतून रेल्वेच्या सिग्नलमनची एक जुनी डायरी निघाली, कोपरे झिजलेली. “तुम्ही कागद आणा म्हणता. हा एकच कागद आहे माझ्याकडे. लाइन बंद झाली तेव्हा जंक्शनच्या ऑफिसातलं सगळं ट्रकात घालून घेऊन गेले, ते कुठे गेलं देव जाणे.”

बाईंनी डायरी ओढून घेतली, मार्च काढला आणि पाहिलं. आठ तारीख: सुट्टी. नऊ तारीख: सकाळी आठ ते रात्री आठ. खाली सही.

“अहो काका, हा कागद तर तुमच्याच विरुद्ध जातो!” बाईंचा आवाज चढला. “टक्कर नऊला, सिग्नलवर नऊला तुम्ही. हे मला दाखवायला तीन जिने चढून आलात?”

“तेच तर झालंय, बाई.” म्हाताऱ्याने डायरी परत घेतली आणि मांडीवर ठेवली. “माझी नात आहे. आठवीत. शाळेत त्यांच्याकडे रोज सकाळी सगळ्या मुलांसमोर तुमचा रकाना वाचतात. एकेकाची पाळी असते. नऊ तारीख तिची आहे. तिला वाटलं, आपल्याच गावच्या जंक्शनचं आहे, आजोबांचं काही जुनं सामान नेऊ दाखवायला. ट्रंक उघडली, तर ही डायरी मिळाली. नऊ तारखेला माझी सही.”

“मग?”

“मग काय. काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. पूर्वी जेवायला माझ्या शेजारी बसायची, आता ताट उचलून खिडकीपाशी जाते.”

“मग तुम्ही सांगा ना तिला, की टक्कर आठला झाली म्हणून!”

“सांगितलं. ती म्हणते, आजोबा, पेपरात नऊ आहे. तुमच्याकडे कागद आहे का?”

ते शब्द कुणाचे होते हे बाईंना चांगलं ठाऊक होतं, पण म्हणून घड्याळ थांबलं नव्हतं. सव्वादोन वाजले होते.

“आठला कोण होतं मग सिग्नलवर?”

“माझा जोडीदार. चूक झाली त्याच्या हातून. वर्षभरात तो झुरून झुरून गेला. त्याचं नाव मी पोरीसमोर घेतलेलं नाही आणि तुमच्यासमोरही घेणार नाही. मेलेल्या माणसाकडे बोट दाखवायला मी आलेलो नाही. माझं म्हणणं एवढंच, की नऊला मी होतो आणि नऊला टक्कर झाली नाही.”

“झाली!” बाई ताडकन उठल्या. “पेपरात छापलंय, कार्डावर लिहिलंय, मास्तरांनी तपासलंय! थांबा. तुमच्या समोरच पेपर ठेवते, म्हणजे एकदाचा निकाल लागेल आणि तुम्ही मला सुखाने काम करू द्याल.”

रागारागाने त्या तीन मजले उतरल्या, मग आणखी एक जिना उतरून तळघरात. जुन्या अंकांचे बांधीव गठ्ठे तिथे रॅकवर आडवे पडलेले असत, आणि हवा तो गठ्ठा नेहमीच सगळ्यात खाली असे. छत्तीस वर्षांपूर्वीचा मार्च ओढून काढताना बाईंच्या साडीचा पदर धुळीने माखला, गुडघा कटकन वाजला आणि तोंडातून जे शब्द निघाले ते रकान्यात छापण्यासारखे नव्हते. तो गठ्ठा छातीशी धरून त्या पुन्हा चार जिने चढल्या. वाटेत संपादक भेटले. “बाई, पाच—” एवढं म्हणून ते त्यांचं तोंड पाहून बाजूला झाले.

गठ्ठा टेबलावर आदळला. बाईंनी पानं उलटून नऊ मार्च काढला आणि म्हाताऱ्यापुढे सरकवला.

“वाचा. वर काय तारीख आहे?”

“नऊ मार्च.”

“आणि खाली, एवढ्या मोठ्या अक्षरांत?”

“आमच्या जंक्शनचं नाव.”

“झालं समाधान?”

“खालचं बारीक आहे, बाई. चष्मा घरी राहिला. एवढं वाचून दाखवता का?”

बाईंनी मोठा सुस्कारा सोडला, चष्मा सावरला आणि हट्टी पोराला धडा वाचून दाखवावा तशा खणखणीत आवाजात सुरुवात केली. “पुलाजवळच्या जंक्शनवर काल दुपारी दोन वाजून—”

बाई थांबल्या आणि त्यांनी बोट पुन्हा ओळीच्या सुरुवातीला नेलं.

बाईंनी ते वाक्य मनातल्या मनात पुन्हा वाचलं. काल. मग शेजारची बातमी वाचली. काल. तिच्या खालची. तिथेही काल. सकाळचा पेपर. कालच्याच बातम्या असणार त्यात, दुसऱ्या कुठल्या असणार?

त्यांना सगळं लख्ख आठवलं. त्या नोकरीला लागल्या तेव्हा हा पेपर संध्याकाळचा होता. त्या दिवशीची बातमी त्याच दिवशी निघायची. कार्डमास्तर करड्या आवाजात बजावायचे, “पोरी, अंकावर जी तारीख असेल तीच कार्डावर घालायची. आपलं डोकं चालवायचं नाही.” चार महिन्यांनी, नव्या वर्षाच्या पहिल्या दिवसापासून, पेपर सकाळचा झाला. छपाईची वेळ बदलली, वाटणारी माणसं बदलली, चहाची वेळसुद्धा बदलली. कार्डं लिहायची पद्धत बदलायचं तेवढं कुणाच्या डोक्यात आलं नाही. मास्तर निवृत्त होईपर्यंत, म्हणजे पुढची जवळजवळ दोन वर्षं, बावीस वर्षांची एक आज्ञाधारक मुलगी अंकावरची तारीख कार्डावर उतरवत राहिली, आणि मास्तर फक्त दोन्ही तारखा जुळतात का ते पाहून तांबडी खूण करत राहिले.

“काका,” बाई म्हणाल्या. “टक्कर आठलाच झाली.”

“हो.”

“चूक माझी आहे. हे माझं अक्षर आहे, माझ्या हाताने लिहिलंय. तुम्ही अकरा वर्षं सांगत होतात आणि मी एकदा खाली जाऊन पाहिलं नाही. लाज वाटते मला.”

आता म्हातारा चिडेल, दोन शब्द सुनावेल, असं त्यांना वाटलं. तसं झालं असतं तर त्यांना सोपं गेलं असतं. पण तो डायरीवर हात फिरवत राहिला.

“खरं सांगू का, बाई? गेल्या वर्षापासून मलाच वाटायला लागलं होतं, की असेन बाबा मीच. एवढ्या मोठ्या पेपरात दरवर्षी छापून येतंय, आपल्या म्हातारपणी काय धड लक्षात राहतं? मी माझाच हात आठवून बघायचो, रात्री पडल्या पडल्या. त्या दिवशी मी सिग्नलचा कुठला दांडा ओढला, कुठला ओढला नाही. आणि मला आठवायचंसुद्धा हो, न केलेलं.”

बाईंना तिथे बसवेना. त्यांनी खिडकी उघडली, पुन्हा लावली. मग म्हाताऱ्याला जिन्यापर्यंत पोचवायला गेल्या.

“म्हणजे बदलणार ना?” त्याने कठड्याला धरून विचारलं.

“बदलणार म्हणजे बदलणार! नऊ तारखेचा पेपर वाचा.” आवाज पुन्हा वरच्या पट्टीत गेलाच. सवय.

मग त्या खोलीत आल्या आणि मोजायला बसल्या. त्या दोन वर्षांतल्या अंकांवरून लिहिलेली एक्केचाळीस कार्डं पुस्तकात गेली होती. एक्केचाळीस! दोन तह, एक भूकंप, एका देशाची पहिली निवडणूक, एका पंतप्रधानाचा राजीनामा, ज्याच्यावरून चार वाचकांनी मागे पत्रं पाठवली होती आणि चारही पत्रांना बाईंनी उद्धट उत्तरं दिली होती. खंडाचा एवढा मोठा इतिहास त्यांनी एकटीने एक दिवस पुढे ढकलून ठेवला होता. त्या उठून संपादकांच्या खोलीत गेल्या.

“पुस्तक आज जाणार नाही.”

संपादकांच्या तोंडचं पाणी पळालं. “बाई, थट्टा करू नका.”

“एक्केचाळीस तारखा चुकल्यात. मी चुकवल्यात.”

“एका दिवसाने ना? अहो, एका दिवसाने कुणाचं काय बिघडतं! कोण बघायला बसलंय?”

हेच वाक्य बाईंनी सकाळी ऐकलं असतं तर कदाचित मान डोलावली असती. आता त्यांना संपादकांच्या टेबलावरची दौत उचलून फेकावीशी वाटली. “एका दिवसाने काय बिघडतं ते मला आत्ताच एक माणूस तीन जिने चढून सांगून गेलाय. मशीन दुसऱ्याला द्या. आठ आणि नऊ तारखेच्या रकान्यात आपण लिहायचं, की गेली अकरा वर्षं आपण चूक छापली. आतल्या पानावर कोपऱ्यात ‘दुरुस्ती’ म्हणून नाही. तिथेच, त्याच जागी, त्याच टायपात.”

“लोक काय म्हणतील?”

“म्हणू देत. आजपर्यंत मी लोकांना म्हणत आले.”

संपादक बराच वेळ पाय आपटत राहिले आणि शेवटी त्यांनी हात टेकले.

आता पुन्हा तेच जुनं घोडं अडलं: अपघात आठला गेला आणि नऊ मार्च रिकामी. बाई वैतागल्या. सगळ्या तारखा सोडून हीच का? कुठल्या तरी तहाची कलमं वाढवून वेळ मारून नेता आली असती. पण तो गठ्ठा अजून टेबलावर उघडा होता. बाईंनी पान उलटलं. दहा मार्चचा अंक. म्हणजे नऊची बातमी, आता कुणी सांगायला नको होतं. पहिल्या पानावर मंत्र्यांची भाषणं. दुसऱ्यावर आणखी भाषणं. तिसऱ्या पानावर, तळाला, दोन ओळी होत्या. बाईंनी त्या दोनदा वाचल्या, नवं कोरं कार्ड घेतलं आणि लिहायला लागल्या.

नऊ मार्चला सकाळी नऊ वाजता फोन वाजला नाही.

अकरा वर्षं ज्या फोनच्या नावाने बाईंनी बोटं मोडली, तो आज वाजेना म्हणून त्या अस्वस्थ झाल्या. सव्वानऊ. साडेनऊ. रिसीव्हर उचलून आवाज येतोय का पाहिला. “नऊ तारीख आली नाही वाटतं यंदा,” मांडणीवाला दारातून म्हणाला, आणि बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो कामाला लागला. पेपर गेला असेल ना त्यांच्या गावाला? पोरीने वाचला असेल ना? की शाळेत नेमकी आज सुट्टी? दहा वाजले, अकरा वाजले. पुस्तकाची दुरुस्त केलेली पानं समोर होती, ती आता आज संध्याकाळी छापखान्यात जायची होती, आणि बाईंनी त्यातलं एकच काम केलं, प्रस्तावनेतली शेवटची ओळ खोडली. बाकी अर्धा दिवस त्यांनी टेलिफोनला मनातल्या मनात शिव्या देण्यात घालवला.

पावणेएकला तो वाजला.

“बाई, मी बोलतोय.”

“किती हो उशीर! इकडे माझा जीव टांगणीला लागलाय!”

“शाळा सुटायची वाट बघत होतो. पोरगी आत्ता आली घरी.”

“वाचलं तिने?”

“वाचलं. सगळ्यांसमोर. आपल्या पेपराची चूक होती तेही वाचलं. मग पुढचं वाचलं, आणि ते वाचून म्हणाली, त्या दिवशी सिग्नलवर माझे आजोबा होते. छापलेलं नव्हतं ते. तिने आपलं आपण घातलं.” म्हातारा थांबला. लांबून भांड्यांचा आवाज येत होता, आणि एक मुलीचा आवाज विचारत होता, आजोबा, तुमचं ताट इथेच माझ्याजवळ घेऊ ना? “बाई, तुम्ही ते कुठून काढलंत? ते कुणाला माहीत नव्हतं.”

बाईंच्या पुढ्यात आजचा पेपर होता. त्यांनी ते वाक्य स्वतः लिहिलं होतं, तरी पुन्हा पाहिलं. ‘टकरीच्या दुसऱ्या दिवशी, नऊ मार्चला, दुपारी चार वाजता पुलाजवळच्या जंक्शनवरून पहिली प्रवासी गाडी सुखरूप गेली.’

“कागद होता,” त्या म्हणाल्या. डोळे भरून आले होते आणि त्याचाही त्यांना राग येत होता. “तळघरात होता. पहिल्यापासून.”

“बाकी सगळं बरोबर आहे,” म्हातारा म्हणाला, “पण एक सांगायचं राहिलं.”

“आता काय आणखी?”

“चारला नाही गेली ती. गाडी बाहेर उभी होती. माझा हात दांड्यावर होता आणि उठतच नव्हता. ड्रायव्हरने तीन वेळा शिट्टी दिली. चार वाजून सात मिनिटांनी सोडली मी.”

“काका!” बाई ओरडल्या. “पुस्तकाची पानं संध्याकाळी जायची आहेत!”

“मग लिहून घ्या ना.”

कागद आहे का, हे शब्द बाईंच्या जिभेवर अगदी टोकापर्यंत आले होते. त्यांनी ते गिळले, पुस्तकातलं नऊ मार्चचं पान ओढलं, आणि चारच्या पुढे स्वतःच्या हाताने सात मिनिटं लिहिली.